ताईला न पटलेला कोच

ताई,

गेल्या आठवड्यात सगळ्यांनी तुझ्याबद्दल फक्त चांगलं बोलायचं ठरवलं होतं. मंडळाच्या काकू येऊन सांगून गेल्या, तू किती प्रेमळ होतीस, किती मोकळी होतीस. मी मान डोलावत होतो आणि मनात म्हणत होतो, तू हे ऐकलं असतंस तर सगळे गेल्यावर मला बाजूला घेऊन विचारलं असतंस, "विजू, ह्यांना माझ्याकडून काय हवंय?"

प्रेमळ तू होतीसच. पण त्याच्या आधी संशयी होतीस. मेकॅनिकने गाडीचा पार्ट बदलला म्हटलं की तू त्याला काढलेला जुना पार्ट दाखवायला लावायचीस. हॉस्पिटलात तू पॅथॉलॉजिस्ट होतीस, दिवसभर मायक्रोस्कोपमध्ये डोळा घालून बसायचीस, आणि घरी येऊन म्हणायचीस, माणसं काहीही सांगतात, स्लाइड सांगेल तेच खरं. अगदी गेल्या वर्षी तुझा स्वतःचा रिपोर्ट आला तेव्हाही तू तो दुसऱ्याच्या शब्दावर मानला नाहीस. स्लाइड मागवलीस, स्वतः बघितलीस, आणि मग मला फोन करून म्हणालीस, "बरोबर आहे त्यांचं." त्या तीन शब्दांइतकं भयंकर काही मी तुझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. कोणाचं बरोबर आहे असं तू सहसा म्हणायचीच नाहीस.

आपल्या भांडणाचं तेवढं राहून गेलं. मिहिरच्या हॉकीवरून आपण जेवढं भांडलो, तेवढं लहानपणी सुद्धा कशावरून भांडलो नव्हतो. परवा त्यात नवीन भर पडली आहे, आणि ती सांगायला तू नाहीस. म्हणून लिहितोय.

तुला आठवत असेल, पहिली काही वर्षं पुण्याला आईला वाटायचं की मिहिर आपल्या शाळेतल्यासारखी मैदानावरची हॉकी खेळतो. बर्फावर, पायात सुऱ्या बांधून खेळतात हे तू तिला कधी सांगितलंच नाहीस. भाऊजी तेव्हा टेक्सासला, शुगर लँडला, तेलकंपनीत. महिन्यातून एकदा यायचे आणि तू म्हणशील त्याला हो म्हणून परत जायचे. तुझी ड्यूटी सकाळी लवकर. त्यामुळे मिहिरला बर्फाच्या रिंकवर न्यायचं काम मामाचं. त्या थंडगार पत्र्याच्या शेडमध्ये कागदी कपातली कॉफी पीत मी तो खेळ शिकलो. मिहिर डिफेन्समन झाला. गोल करणारा नव्हे, गोल होऊ न देणारा. तुला ते बरं वाटलं होतं. "निदान समोरच्यावर नजर ठेवायला तरी शिकवतात," म्हणालीस.

हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी तो माणूस दिसायला लागला. रिंकवर सगळे जाड जॅकेटं घालून ओरडत असायचे, आणि हा टाय लावून काचेच्या कोपऱ्याशी गप्प उभा. तूच पहिल्यांदा पाहिलंस.

"तो माणूस आपल्या मुलाकडे का बघतोय?"

मी चौकशी करून आलो, छाती फुगवून सांगितलं, "ताई, कॉलेजचा असिस्टंट कोच आहे. पामर नाव त्याचं. पार उत्तरेकडून ड्राइव्ह करून आलाय, मिहिरला बघायला."

"एवढ्या लांबून?" तू म्हणालीस. "म्हणजे जवळची मुलं ह्याला नाही म्हणाली असणार."

मग तो घरी आला. तू त्याच्यापुढे नुसती कॉफी ठेवलीस. मी म्हटलं, अगं निदान चिवडा तरी दे, तर आत येऊन म्हणालीस, "खाऊ घातलं की नीट विचारता येत नाही." बाहेर सोफ्यावर मिहिर इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता, हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. तू त्याच्याकडे बघून मला हळूच म्हणालीस, "मला बघायला यायचे तेव्हा मी अशीच बसायचे. आणि जाताना सगळे म्हणायचे, कळवतो."

पामर चांगलं बोलत होता, हे तूही नंतर कबूल केलंस. म्हणाला, मुलगा हुशार आहे, खेळ वाचता येतो त्याला, पण अंगाने अजून कच्चा आहे. एक वर्ष मिडवेस्टच्या ज्युनियर लीगमध्ये खेळू दे, मोठ्या पोरांशी धक्काबुक्की करू दे. पुढच्या फॉलला, कॉलेज सुरू होताना, आमच्याकडे त्याची जागा आहे.

"जागा आहे म्हणजे काय?" तू विचारलंस. "लिहून देणार?"

"ह्या स्टेजला लिहून देत नाही, डॉक्टर. पण माझा शब्द आहे."

"हाच शब्द किती मुलांना दिलाय?"

मिहिरने मान खाली घातली. मला तर जमिनीत जावंसं वाटलं.

"काहींना," तो म्हणाला.

"आणि जागा किती?"

"त्याच्यापेक्षा कमी," तो म्हणाला, आणि कॉफी संपवली.

तो गेल्यावर मी म्हटलं, बघ, किती प्रामाणिक माणूस आहे, खोटं बोलला असता तरी चाललं असतं. तू कप विसळत म्हणालीस, "थोडं खरं सांगून विश्वास कमावणारा माणूस जास्त धोक्याचा, विजू." तिथून आपलं भांडण सुरू झालं.

तुझं म्हणणं चुकीचं नव्हतं. हे सगळं कसं चालतं ते मला हळूहळू कळत गेलं. हायस्कूलमधून सरळ घेण्यापेक्षा कॉलेजं पोरांना ज्युनियरमध्ये ठेवतात, एक वर्ष, दोन वर्षं, आंबे आढीत घालावेत तसं. पोरं अनोळखी माणसांच्या घरी राहतात, बसमधून गावोगाव हिंडतात, आणि दर मॅचला वर बघतात, कोण आलंय म्हणून. कोच वरच्या बाकावर बसून बघतो, कोणता पिकला, कोणता दबला. कॅनडातल्या मोठ्या ज्युनियर लीगकडे वळावं तर तिथे हातखर्चाला पैसे देतात, म्हणजे व्यावसायिक धरतात, म्हणून कॉलेजचं दार बंद. म्हणजे शब्द देणारा मोकळा, आणि घेणारा बांधलेला. हे तू पहिल्या दिवशी ओळखलंस. मी फक्त एवढंच म्हणत होतो की मिहिरला जायचंय.

शेवटी तू का हो म्हणालीस ते मला अजून कळलेलं नाही. भाऊजींनी फोनवर नेहमीसारखं "तू म्हणशील तसं" म्हटलं. मिहिर बॅग भरायला लागला, आणि तू त्याच्या दारात उभी राहून म्हणालीस, "लोकरीचे मोजे वरती ठेव."

आयोवात त्याला एका शेतकरी कुटुंबात ठेवलं होतं. तू त्यांच्यावर सुद्धा संशय घेतलास. फुकट कोण कोणाचं पोर सांभाळतं, त्याला चर्चला नेतील, गुरं हाकायला लावतील. दर रविवारी फोन करून तू त्याला विचारायचीस, काय खाल्लंस, कोणाबरोबर, का. तो इंग्लिशमध्ये उत्तरं द्यायचा, "आय'म फाइन, मॉम," आणि तू फोन ठेवून मला सांगायचीस, "फाइन म्हणाला. म्हणजे काहीतरी लपवतोय."

थँक्सगिव्हिंगनंतर तू मला म्हणालीस, चल, न सांगता जाऊन बघू. आपण त्या रिंकमध्ये गेलो तेव्हा मॅच सुरू झालेली होती. पार कोपऱ्यात, वरच्या बाकावर बसलो. मिहिर पहिल्या जोडीत खेळत होता. त्याच्या जोडीला एक उंच, पिवळ्या केसांचा पोरगा होता. ते दोघं एकमेकांकडे न बघता पक, म्हणजे ती रबराची चकती, द्यायचे आणि तो बरोबर पोचायचा. मी खेळ बघत होतो. तू बाकं बघत होतीस.

"पामर नाहीये," म्हणालीस. "एकदाही आलेला नाही, मी विचारलं मिहिरला."

आपल्या पुढच्या बाकावर एक बाई विणत बसली होती. मधल्या सुट्टीत तिने वळून हसून विचारलं, तुमचा कोणता? तू नंबर सांगितलास. ती म्हणाली, "अरे, माझा एरिक त्याचाच पार्टनर." नाव डॉना, मिनेसोटातल्या एका लहान गावातून आली होती. तू दोन मिनिटं हवापाण्याचं बोललीस. मग अगदी सहज, रक्ताचा नमुना घेताना नर्स बोलते तशा आवाजात विचारलंस, एरिक पुढे कुठे जाणार?

तिने पामरच्या कॉलेजचं नाव घेतलं.

"जागा आहे म्हणालाय का तो?"

"पुढच्या फॉलला," डॉना म्हणाली. "शब्द दिलाय." आणि तुझ्या चेहऱ्याकडे बघून तिची विणायची सुई थांबली.

मला वाटलं होतं तुला आनंद होईल, संशय खरा ठरल्याचा. तुझा चेहरा मात्र उतरला होता. तुम्ही दोघी रिंकबाहेरच्या डायनरमध्ये बसलात, मी शेजारी. कोचने काय काय सांगितलं ते तुम्ही ताडून बघितलं. खेळ वाचता येतो. अंगाने कच्चा. एक वर्ष. वाक्यं सुद्धा तीच. दोघं एकाच जोडीत खेळणारे, आणि एका डिफेन्समनची जागा. मग तू म्हणालीस, पोरांना आत्ता सांगायचं नाही. सीझन संपेपर्यंत नाही. एकदा कळलं की ते एकमेकांना पास देणार नाहीत. डॉना हो म्हणाली.

पार्किंगमध्ये तू म्हणालीस, "ती आजच एरिकला सांगणार."

"मग तू मिहिरला सांग," मी म्हटलं. "त्याचं आयुष्य आहे, त्याला माहीत असायला हवं."

"सांगितलं तर त्याचा खेळ बिघडेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

तू गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत राहिलीस. हेच आपलं अर्धवट राहिलेलं भांडण. पुढे हिवाळाभर तू आणि डॉना फोनवर बोलायचात. वरवर मैत्रिणी, आणि आतून दोघी एकमेकींचं पोर पुढे गेलं का ते चाचपत. तिने सहज एरिकला ताप आलाय म्हटलं तरी तू फोन ठेवल्यावर विचार करत बसायचीस, हे आपल्याला का सांगितलं.

मार्चमध्ये पामरचा मिहिरला फोन आला. त्याने दोघांपैकी कोणालाच घेतलं नव्हतं. कॅनडातल्या कुठल्याशा लहान, पैसे न देणाऱ्या लीगमधला, ह्यांच्यापेक्षा वयाने मोठा एक मुलगा घेतला होता. मिहिरला म्हणाला, अजून एक वर्ष खेळ, मग बघू. कळवतो.

मिहिर घरी आला तेव्हा आपण दोघं त्याला काय सांगायचं ह्याची तयारी करून बसलो होतो. तू आयोवातली सगळी गोष्ट सांगितलीस, डॉनाची, डायनरची. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॉम, वुई न्यू. आम्हाला माहीत होतं."

पहिल्याच आठवड्यात, बाहेरगावच्या मॅचला एका खोलीत राहिले असताना, दोघांनी कोचची वाक्यं एकमेकांना म्हणून दाखवली होती. हसून हसून पलंगावरून पडले होते म्हणे. आणि ठरवलं होतं की घरी सांगायचं नाही, कारण आया काळजी करतील आणि परत बोलावतील. जागा ज्याला मिळेल त्याला मिळेल, पण पास मात्र द्यायचा. तू उठून कुकर लावलास. मला तेव्हा वाटलं, आता हिचा राग जाईल. पण तुझा राग पामरवरून हलला नाही. एरिक मिनेसोटाला परत जाऊन वडिलांबरोबर बोटींची इंजिनं दुरुस्त करायला लागला, हे डॉनाने सांगितलं तेव्हा तू फोनवर तिच्यासाठी रडलीस, आणि मला म्हणालीस, "ते पोर ह्याच्यापेक्षा चांगलं खेळायचं, विजू. मी बघितलंय." आपल्या मुलाबद्दल असं बोलणारी आई मी दुसरी पाहिली नाही.

मे महिन्यात अचानक एका लहान कॉलेजमधून मिहिरला फोन आला. आपल्यापासून फार लांब नाही, नावाजलेलं नाही, तिथे खेळाची स्कॉलरशिप वगैरे भानगडच नाही. त्या कोचने मिहिरला एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं, तरी नावाने ओळखत होता. मिहिर गेला, चार वर्षं खेळला, शिकला, आता शाळेत गणित शिकवतो. मी तुला तेव्हाच म्हटलं होतं, पामरनेच शब्द टाकला असणार, त्याला टोचलं असेल. तू म्हणालीस, "त्याला काय पडलंय?" आणि तो विषय पुन्हा निघाला की दर वेळी तेच म्हणालीस.

आता परवाची गोष्ट.

फ्यूनरल होममध्ये लोक रांगेने येत होते, भाऊजींचा हात हातात घेत होते. मागे एक माणूस उभा होता, केस पांढरे झालेले, टाय लावलेला. मी ओळखलं आणि मला राग आला. खरं सांगतो, तुझाच राग माझ्या अंगात आला, तुझ्याच आवाजात. हा इथे कशाला? ह्याला आता काय हवंय? मी त्याला बाहेर पोर्चवर घेऊन गेलो आणि सरळ विचारलं.

तो म्हणाला, पेपरमध्ये वाचलं. म्हणाला, ते कॉलेज सुटलं, आता इन्शुरन्स विकतो, पण डॉक्टरांना विसरणं शक्य नव्हतं. "शी कॉल्ड मी एव्हरी वीक," म्हणाला. "त्या स्प्रिंगमध्ये. दर आठवड्याला. हॅलो नाही, काही नाही. सुरुवातच करायची, की कोच, आज कोणाला फोन केलात माझ्या मुलासाठी? मी म्हटलं, मॅडम, माझ्याकडे जागा नाही. त्या म्हणाल्या, तुमच्याकडे मागतच नाहीये, तुमच्या ओळखी आहेत त्या वापरा. शेवटी मी त्या कॉलेजच्या कोचला फोन केला, कारण मला तुमच्या बहिणीचा फोन पुन्हा घ्यायचा नव्हता." मग म्हणाला, "त्यांनी मला सांगितलं होतं, मुलगा चांगला आहे, तुम्हाला दिसला नाही, मला दिसलाय."



ताई, हे खरं आहे का?

मला ते खरं असायला हवंय, म्हणूनच मी घाबरलो आहे. हा माणूस आयुष्यभर आई-बापांच्या बैठकीत बसून त्यांना जे ऐकायचंय ते बोलत आला. मेलेल्या बाईच्या भावाला दुसरं काय सांगणार? पण मग इतक्या लांब आला कशाला? आणि तू खरंच फोन करत असशील, तर मला का नाही सांगितलंस? पाच वर्षं माझ्यासमोर त्याला लबाड म्हणत होतीस. की लबाड माणसाकडून काम कसं करून घ्यायचं हे तुला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं, आणि ते मिहिरला कळू द्यायचं नव्हतं? मिहिरला आजवर वाटतं की तो स्वतःच्या खेळावर तिथे पोचला. तेही खोटं नाही.

मी भाऊजींना हळूच विचारलं. ते म्हणाले, "असेल. मला कुठे काय सांगायची ती?"

आज दुपारी मिहिर आणि मी तुझ्या स्वयंपाकघरात चहा पीत बसलो होतो. तुझे मसाल्याचे डबे तो एकेक उघडून वास घेत होता आणि परत लावत होता. त्याने अचानक विचारलं, मराठीत, "मामा, आईला मी कधी चांगला वाटलो का रे?"

मी म्हटलं, "म्हणजे काय?"

"खेळायला. शी नेव्हर सेड इट. नॉट वन्स. मॅच संपली की फक्त विचारायची, तो माणूस कोण होता, हा माणूस कोण होता."

मला तुझ्यासारखं गप्प बसता आलं असतं. बसलो नाही. पामर पोर्चवर काय म्हणाला ते सगळं सांगितलं. दर आठवड्याचे फोन, कोणाला फोन केलात ते, आणि तुम्हाला दिसला नाही, मला दिसलाय ते सुद्धा. मिहिर डबा हातात धरून ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि लगेच थांबलं. भुवया अगदी तुझ्यासारख्या वर गेल्या.

"हे कोणी सांगितलं तुला?"

"पामरने."

"मामा," तो म्हणाला, "तो रिक्रूटर आहे यार."

"होता," मी म्हटलं.

तो हसला. मग हसता हसता त्याला आवरेना, डबा ओट्यावर ठेवून तो पाठ करून उभा राहिला. थोड्या वेळाने तशीच पाठ करून त्याने विचारलं, "दर आठवड्याला?"

"दर सोमवारी," मी म्हटलं. "लंचच्या वेळेत, हॉस्पिटलमधून."

त्याने मान हलवली, एकदा, सावकाश. हिशोब जुळल्यासारखी.

सोमवार माझ्या पदरचा, ताई. लंच आणि हॉस्पिटल सुद्धा. तू असतीस तर तिथेच पकडलं असतंस मला. त्याने नाही पकडलं.